न खेळलेल्या सामन्यांचा हिशेब

प्रशासनात हयात घालवलेल्या माणसाला एक सवय जडते. कोणताही तक्ता समोर आला की त्याची नजर भरलेल्या रकान्यांवर ठरत नाही, कोऱ्या रकान्यांवर ठरते. पीक पाहणीचे विवरणपत्र असो वा शाळांच्या पटसंख्येचा गोषवारा, ज्या रकान्यात 'निरंक' असे लिहिलेले असते त्याची फारशी चिंता नसते. 'निरंक' याचा अर्थ कोणीतरी जागेवर गेले, पाहिले, मोजले आणि तेथे काही आढळले नाही. कोऱ्या रकान्याचा अर्थ वेगळा. तेथे कोणी गेलेच नाही.

भारतीय महिला फुटबॉल संघाच्या आंतरराष्ट्रीय कामगिरीचा तक्ता मी प्रथम नीट वाचला तो याच सवयीने. त्याला निमित्तही तसेच घडले. ५ जुलै २०२५ रोजी थायलंडमधील चियांग माई येथे आपल्या मुलींनी यजमान थायलंडला २-१ असे हरवले आणि २०२६ च्या ऑस्ट्रेलियातील आशियाई चषक स्पर्धेत स्थान मिळवले. पात्रता फेरी खेळून, जिंकून, या स्पर्धेत जाण्याची ही आपली पहिलीच वेळ. दुसऱ्या दिवशी परदेशात स्थायिक झालेल्या एका मराठी स्नेह्याचे पत्र आले. त्यांनी लिहिले होते, "आपल्या मुलींचा राष्ट्रीय फुटबॉल संघ आहे हे मला आजच समजले. इतकी वर्षे हा संघ होता कोठे?"

प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर मैदानावर मिळत नाही. ते कार्यालयात शोधावे लागते. म्हणून या पानावर, जेथे आपण एरवी महसूल, नियोजन आणि आस्थापना यांविषयी बोलतो, तेथे आज फुटबॉलचा विषय घेत आहे. सुज्ञ वाचकांना तो अस्थानी वाटणार नाही, अशी आशा आहे.

आरंभापासून पाहू. १९७५ हे संयुक्त राष्ट्रसंघाने जाहीर केलेले आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. त्याच वर्षी आपल्याकडे महिला फुटबॉलची स्वतंत्र राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ १९३७ पासून अस्तित्वात होता, परंतु त्याचा कारभार पुरुषांच्या फुटबॉलपुरता होता. मुलींनी खेळायचे तर त्यांची व्यवस्था त्यांच्या हितचिंतकांनी निराळी करावी, असा तो काळ. आशियातही तसेच होते. आशियाई फुटबॉल संघटनेपासून वेगळी अशी महिला फुटबॉलची आशियाई संघटना १९७५ मध्ये पहिली आशियाई स्पर्धा भरवून मोकळी झाली होती. कोलकात्याच्या मैदानावर नाव कमावलेले सुशील भट्टाचार्य हे आपल्या महिला संघाचे पहिले प्रशिक्षक. बंगालच्या शांती मल्लिक, गोव्याच्या योलांडा डिसूझा अशा खेळाडू त्या पहिल्या पिढीतल्या.

या तुटपुंज्या व्यवस्थेने काय केले ते पाहण्यासारखे आहे. १९७९ च्या अखेरीस आणि १९८० च्या आरंभी आशियाई स्पर्धा केरळात कोळिकोड येथे झाली. यजमान म्हणून आपण एक नव्हे तर दोन संघ उतरवले आणि त्यांपैकी एक अंतिम सामन्यापर्यंत गेला. तेथे चिनी तैपेईकडून ०-२ अशी हार पत्करावी लागली. १९८१ मध्ये हाँगकाँग येथे आपण तिसरे आलो. १९८३ मध्ये बँकॉक येथे पुन्हा अंतिम सामना गाठला आणि थायलंडकडून ०-३ असे हरलो. म्हणजे सलग तीन स्पर्धांत उपविजेते, तिसरे, उपविजेते. त्याच १९८३ साली शांती मल्लिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला फुटबॉलपटू.

त्या काळी आशियातले स्पर्धक संघ थोडे होते, हे मान्य केले पाहिजे. चीन अद्याप मैदानात उतरलेला नव्हता. तरीही जे मैदानात होते त्यांत आपण दुसरे होतो, ही अभिलेखावरची गोष्ट आहे.

आता तक्त्याची पुढची ओळ. १९८६ ची आशियाई स्पर्धा: भारत नाही. १९८९: नाही. १९९१: नाही. १९९३: नाही. १९८३ च्या अंतिम सामन्यानंतर या स्पर्धेत भारतीय महिला संघ पुन्हा दिसतो तो १९९५ मध्ये, मलेशियातील साबा येथे. मध्ये बारा वर्षे आणि चार स्पर्धा. या ओळीपाशी मी थबकलो, कारण येथे एकही पराभव नाही. संघ हरला म्हणून मागे पडला असे म्हणण्यास काडीचा आधार नाही. तो गेलाच नाही.

आणि बारा वर्षे कोणती, तेही पाहावे. १९८६ मध्ये चीन प्रथमच या स्पर्धेत आला आणि जिंकला. तेव्हापासून १९९९ पर्यंत तो सलग सात वेळा जिंकत राहिला. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत महिला फुटबॉलचा प्रथम समावेश झाला. १९९१ मध्ये चीनमध्येच पहिली महिला विश्वचषक स्पर्धा भरली. ज्या दशकात महिलांचे फुटबॉल हौशी मंडळींच्या हातून निघून जागतिक व्यवस्थेचा भाग झाले, नेमके त्याच दशकात आपला रकाना कोरा आहे. गाडी फलाटावर उभी असताना आपण तेथे होतो. ती सुटली तेव्हा मात्र आपण घरी होतो.

हे का घडले? माझा निष्कर्ष प्रशासकीय आहे. १९८६ मध्ये आशियाची स्वतंत्र महिला संघटना मुख्य आशियाई फुटबॉल संघटनेत विलीन झाली. वर एकच दार राहिले. आपल्याकडे मात्र महिलांची संघटना वेगळी आणि मान्यताप्राप्त महासंघ वेगळा, अशी दोन दारे १९९० च्या दशकाच्या आरंभापर्यंत कायम राहिली. आंतरराष्ट्रीय पत्रव्यवहार ज्या दारावर येणार त्या दारामागे संघ नाही आणि संघ ज्या दारामागे उभा त्या दाराला वर मान्यता नाही. शासनात काम केलेल्या कोणालाही हे दृश्य परिचित वाटेल. दोन विभागांच्या मधोमध पडलेला विषय कोणाचाच नसतो. त्याला कोणी विरोध करीत नाही. प्रत्येक जण म्हणतो, विषय महत्त्वाचा आहे, परंतु आमच्याकडे येत नाही.

राज्यघटनेतही क्रीडा हा विषय सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत, तेहतिसाव्या नोंदीत, नाट्यगृहे आणि करमणुकीच्या शेजारी बसला आहे. राष्ट्रीय संघ पाठवायचा मात्र महासंघाने, मान्यता आणि साहाय्य द्यायचे केंद्राने, आणि मैदान असायचे जिल्ह्यात. तीन पातळ्यांवर वाटलेले काम तिन्ही पातळ्यांवर टळू शकते. हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. अशा टाळण्यात माझाही एक वाटा आहे आणि तो येथे नमूद केला नाही तर बाकीचे लिहिण्याचा मला अधिकार राहणार नाही.

१९९० च्या दशकाच्या मध्यावर मी पूर्व भारतातील एका जिल्ह्यात होतो. जिल्ह्याच्या ठिकाणी एकच बरे मैदान होते. एके दिवशी अभ्यागतांच्या वेळेत आदिवासी मुलींच्या एका शाळेतील शिक्षिका आठ-दहा मुलींना घेऊन आल्या. मुली अनवाणी होत्या. अर्जात तीन मागण्या होत्या: आठवड्यातून दोन संध्याकाळी मैदान मिळावे, बुटांसाठी थोडे साहाय्य व्हावे, आणि राज्य संघाच्या निवड चाचणीला जाण्यासाठी प्रवासखर्च मिळावा. मी अर्ज वाचला, मुलींची चौकशी केली, कौतुक केले आणि अर्जावर शेरा मारला: "तपासून सादर करावे."

नस्ती सुरू झाली. मैदानाच्या समितीने कळवले की संध्याकाळच्या वेळा पूर्वीपासून मुलांच्या मंडळांकडे आहेत. लेखा शाखेने विचारले की खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकावा. क्रीडा शाखेने लिहिले की फुटबॉलची मान्यताप्राप्त जिल्हा संघटना मुलींचा संघ चालवीत नाही, सबब अभिप्राय देता येत नाही. प्रत्येक टिपण अचूक होते. कोणत्याही टिपणात 'नाही' हा शब्द नव्हता. शिक्षिका दुसऱ्यांदा आल्या तेव्हा मी त्यांना प्रकरण विचाराधीन असल्याचे सांगितले. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा त्या बसल्या नाहीत. उभ्यानेच म्हणाल्या, "सर, आपण नाही म्हणून टाका. म्हणजे आम्ही दुसरीकडे तरी जाऊ."

मी म्हणालो, "नाही कोण म्हणतंय? प्रकरण चालू आहे."

निवड चाचणी त्या मुलींवाचून झाली. पुढच्या आर्थिक वर्षात माझी बदली झाली आणि नस्ती माझ्या उत्तराधिकाऱ्याकडे प्रलंबित प्रकरणांच्या यादीतून गेली.

शिक्षिकेच्या त्या वाक्यातले कायदेशीर तथ्य मला फार उशिरा कळले. नकार हा आदेश असतो. त्याला दिनांक असतो, त्याखाली सही असते, त्याविरुद्ध अपील करता येते, वर्तमानपत्रात लिहिता येते, विधानसभेत प्रश्न विचारता येतो. प्रलंबित नस्तीविरुद्ध यातले काहीच करता येत नाही. आमच्या सेवेत चुकीच्या आदेशाबद्दल खुलासा मागवला जातो. न दिलेल्या आदेशाबद्दल खुलासा मागवल्याचे मी क्वचितच पाहिले. त्यामुळे सावध अधिकारी काय करायला शिकतो, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

असो. पुन्हा तक्त्याकडे वळू.

१९९५ मध्ये परतलेला संघ २००३ पर्यंत प्रत्येक आशियाई स्पर्धेत खेळला, पण गटसाखळीच्या पुढे गेला नाही. १९९८ च्या बँकॉक आशियाई क्रीडास्पर्धांत चीनकडून ०-१६ असा पराभव झाला. हा आजवरचा आपला सर्वांत मोठा पराभव. पंधरा वर्षांपूर्वी याच बँकॉकमध्ये आपण आशियाच्या अंतिम सामन्यात उभे होतो. हा आकडा वाचताना मान खाली जाते, पण माझ्या मते तो आकडा त्या अकरा मुलींचा नाही. कोऱ्या राहिलेल्या बारा वर्षांचे ते देयक होते आणि ते त्या मुलींनी चुकते केले.

त्या मुलींत मणिपूरच्या ओइनाम बेंबेम देवी यांच्यासारख्या खेळाडू होत्या. १९९५ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्या भारतासाठी खेळू लागल्या. पुढे दोन दशके त्या या संघाचा कणा होत्या. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो २०१७ मध्ये आणि पद्मश्री २०२० मध्ये. शांती मल्लिक यांच्यानंतर अर्जुन पुरस्कार मिळवणाऱ्या त्या दुसऱ्या महिला फुटबॉलपटू. दोन पुरस्कारांमध्ये ३४ वर्षांचे अंतर आहे. त्या ३४ वर्षांत देशात चांगली फुटबॉलपटू मुलगी झालीच नाही, असे कोणी म्हणणार नाही. पुरस्काराची शिफारस करण्यासाठी आंतरराष्ट्रीय कामगिरी लागते, कामगिरीसाठी सामने लागतात आणि सामने ठरवणारे कोणी असावे लागते. साखळीची पहिली कडी गळाली की पुढच्या सगळ्या आपोआप गळतात.

मग संघ टिकला कोणाच्या बळावर? येथे दोन संस्थांचा उल्लेख केला पाहिजे. पहिली म्हणजे मणिपूर. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा या छोट्या राज्याने वीसहून अधिक वेळा जिंकली आहे. तेथील गावांत मुलीने फुटबॉल खेळण्यास कोणाच्या परवानगीची गरज वाटली नाही. दुसरी संस्था म्हणजे नोकरी देणारे शासन: रेल्वे आणि राज्यांची पोलिस दले. बेंबेम देवी मणिपूर पोलिसांत होत्या. खेळाडूंसाठी राखीव जागांवर आपण कार्यालयांत पुष्कळदा नाक मुरडतो. परंतु ज्या काळात महिलांची लीग नव्हती, वर्षाकाठी आंतरराष्ट्रीय सामन्यांची शाश्वती नव्हती, त्या काळात महिन्याच्या पगाराने आणि हजेरीपटावरील नावाने या मुलींना खेळात ठेवले. प्रशासनाचे हे श्रेयही त्याच्या खात्यावर जमा केले पाहिजे.

आता २००९ साल. आंतरराष्ट्रीय फुटबॉल संघटना, म्हणजे फिफा, २००३ पासून महिला संघांची जागतिक क्रमवारी प्रसिद्ध करते. त्या क्रमवारीचा त्या वेळचा नियम असा की, जो संघ अठरा महिने एकही सामना खेळणार नाही त्याचे नाव यादीतून वगळावे. २००९ मध्ये या नियमानुसार भारताचे नाव वगळले गेले. आपण शेवटचे आलो नव्हतो. शेवटच्यालाही क्रमांक असतो. आपण यादीतच उरलो नाही.

ही बातमी मी वाचली तेव्हा मला त्या शिक्षिका आठवल्या. इतक्या वर्षांत प्रथमच कोणीतरी 'नाही' असे स्पष्ट म्हटले होते आणि ते आपल्यापैकी कोणी म्हटले नव्हते. दूरच्या एका कार्यालयाने, कोणताही राग-लोभ न ठेवता, केवळ नियमाप्रमाणे, कोऱ्या रकान्याची नोंद घेतली होती. आपल्या कोणत्याही अहवालात जे शीर्ष नव्हते ते त्यांच्याकडे होते: न खेळलेले महिने.

आणि त्या नोंदीनंतर काय झाले पाहा. २०१० च्या आरंभी ढाका येथील दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धांत महिला फुटबॉलचा प्रथम समावेश झाला आणि भारताने सुवर्णपदक मिळवले. त्याच वर्षाच्या अखेरीस बांगलादेशातील कॉक्स बाजार येथे पहिली दक्षिण आशियाई महिला अजिंक्यपद स्पर्धा झाली. तेथे भूतानवर १८-० असा विजय मिळाला, जो आपला आजवरचा सर्वांत मोठा विजय आहे, आणि अंतिम सामन्यात नेपाळला हरवून आपण विजेते झालो. त्यानंतर २०१२ मध्ये कोलंबो, २०१४ मध्ये इस्लामाबाद, २०१६ च्या स्पर्धेत सिलिगुडी आणि २०१९ मध्ये विराटनगर, अशी सलग पाच अजिंक्यपदे. ज्या संघाला वर्षभरापूर्वी यादीत जागा नव्हती त्याने हे केले. गुणवत्ता गेली नव्हती, गेले होते ते वेळापत्रक. प्रदेशात दर दोन वर्षांनी ठरलेली स्पर्धा आली आणि तिच्यामुळे शिबिर भरवणे, संघ निवडणे, पारपत्रे काढणे ही कामे कोणाला तरी वेळेवर करावीच लागली.

मात्र या विजयांनी आपण स्वतःची फसवणूकही करून घेतली. २०१४ च्या इंचॉन आशियाई क्रीडास्पर्धांचे आकडे पाहावेत. मालदीवविरुद्ध १५-० असा विजय, दक्षिण कोरियाविरुद्ध ०-१० असा पराभव आणि थायलंडविरुद्धही ०-१० असाच पराभव. एकाच संघाचे, एकाच स्पर्धेतले हे तीन निकाल. दोन वर्षांतून एकदा शेजाऱ्यांना हरवणे हे उद्दिष्ट ठरले की उद्दिष्टपूर्तीचा अहवाल शंभर टक्क्यांचा जातो आणि प्रत्यक्षात अंतर वाढत राहते. आपल्या अनेक योजनांचे असेच होते. सोपे ते मोजावे आणि मोजलेले ते साध्य झाले म्हणून कळवावे.

देशात पुरुषांची राष्ट्रीय लीग १९९६ मध्ये सुरू झाली. महिलांची राष्ट्रीय लीग सुरू होण्यास २०१६-१७ चा हंगाम उजाडला. दिल्ली येथे झालेल्या त्या पहिल्या अंतिम फेरीत सहा संघ होते आणि मणिपूरचा ईस्टर्न स्पोर्टिंग युनियन विजेता ठरला. लीगनंतरच्या पाच-सहा वर्षांत काही गोष्टी झपाट्याने घडल्या. बाला देवी यांनी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबशी करार केला. नोव्हेंबर २०२१ मध्ये ब्राझीलविरुद्ध त्यांच्याच देशात खेळताना आपण १-६ असे हरलो, पण तो एक गोल मनीषा कल्याण यांनी केला. पुढच्या वर्षी सायप्रसच्या क्लबकडून त्या युरोपच्या महिला चॅम्पियन्स लीगमध्येही खेळल्या.

आणि मग २०२२ साल आले, ज्याचा संबंध महाराष्ट्राशी आहे. आशियाई महिला चषक स्पर्धा त्या जानेवारीत आपल्याकडे झाली: नवी मुंबई, मुंबई आणि पुण्याजवळचे बालेवाडी. यजमान म्हणून भारताला थेट प्रवेश होता. या स्पर्धेतून विश्वचषकाचा दरवाजाही उघडणार होता. २० जानेवारीला नवी मुंबईत इराणशी ०-० अशी बरोबरी झाली. २३ जानेवारीला चिनी तैपेईशी सामना होता. त्या दिवशी संघात करोनाची लागण इतकी पसरली होती की नियमाप्रमाणे लागणाऱ्या किमान तेरा खेळाडूही उभ्या करता आल्या नाहीत. संघाने माघार घेतली असे गृहीत धरण्यात आले. इराणविरुद्ध खेळलेला सामनाही रद्दबातल ठरला. म्हणजे नव्वद मिनिटे धावून मिळवलेला एक गुण आणि त्यासोबत तो सामनाही अभिलेखातून गेला. स्पर्धा पुढे चालू राहिली. ६ फेब्रुवारीला त्याच मैदानावर चीनने चषक उचलला. त्या वेळी आपल्या मुली प्रेक्षकही नव्हत्या.

साथीला कोण काय करणार, असे म्हणता येईल. मीही पुष्कळ अंशी तेच म्हणेन. पण त्याच वर्षीची दुसरी घटना साथीची नव्हती. महासंघाच्या निवडणुका वेळेवर न झाल्याचे प्रकरण न्यायालयात गेले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रशासक समिती नेमली. बाहेरचा हस्तक्षेप झाला असे ठरवून फिफाने ऑगस्टच्या मध्यावर भारताची मान्यता निलंबित केली. त्या दिवशी केरळच्या गोकुलम क्लबचा महिला संघ आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचलेला होता. मुली उतरल्या होत्या, सामान उघडले होते, मैदान समोर होते. ११ दिवसांनी निलंबन उठले, पण तोवर त्यांच्या स्पर्धेची वेळ टळली होती. पदाधिकारी, वकील, न्यायालय, आंतरराष्ट्रीय संघटना या सर्वांची आपापली बाजू होती आणि ती कागदावर मांडता येण्यासारखी होती. ताश्कंदच्या हॉटेलात बसलेल्या मुलींची बाजू कोणत्याच कागदावर नव्हती.

त्याच सप्टेंबरात काठमांडूला दक्षिण आशियाई स्पर्धेत आपला पहिलाच पराभव झाला, बांगलादेशकडून ०-३. उपांत्य सामन्यात नेपाळने आपल्याला बाहेर काढले. विजेतेपद बांगलादेशने घेतले आणि २०२४ मध्ये ते राखले. शेजाऱ्यांनी आपापले रकाने भरण्यास सुरुवात केली होती.

या पार्श्वभूमीवर चियांग माईची ती संध्याकाळ पाहावी लागते. क्रिस्पिन छेत्री यांच्या मार्गदर्शनाखाली संघाने मंगोलियाला १३-०, पूर्व तिमोरला ४-० आणि इराकला ५-० असे हरवले होते. पात्र होण्यासाठी शेवटचा अडथळा थायलंडचा. ज्यांनी १९८३ च्या अंतिम सामन्यात आपल्याला हरवले आणि २०१४ मध्ये दहा गोल चढवले तेच थायलंड, त्यांच्याच देशात. बंगालच्या संगीता बासफोर हिने दोन्ही गोल केले. आपले नाव पुन्हा त्या स्पर्धेच्या यादीत आले आणि या वेळी ते यजमानपदाने नव्हे, निमंत्रणाने नव्हे, तर गुणांनी आले.

या यशाचा आनंद मला आहे, पण त्यावर विसंबून राहण्याची माझी तयारी नाही. एका विजयाने व्यवस्था बदलत नाही. आशालता देवी यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये आपला शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना खेळला. हा टप्पा गाठणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. १९७५ पासून मोजले तर हे घडण्यास जवळपास पन्नास वर्षे लागली. शंभर सामने खेळण्याची ताकद असलेल्या मुली आधीच्या पिढ्यांतही असतील. शंभर सामने त्यांच्या वाट्यास आले नाहीत.

२०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन अधिनियम संमत केला. क्रीडा संघटनांच्या कार्यकारी समितीत किमान चार महिला असाव्यात, तंटे सोडवण्यासाठी स्वतंत्र न्यायाधिकरण असावे, अशा तरतुदी त्यात आहेत. त्या स्वागतार्ह आहेत. पण अनुभवाने सांगतो, कायद्याने समिती बसते, काम बसत नाही. मला विचारले तर मी एकच लहानशी गोष्ट सुचवीन. प्रत्येक महासंघाच्या, प्रत्येक जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या वार्षिक अहवालात एक नवे शीर्ष असावे: या वर्षी खेळता आले असते परंतु खेळलो नाही असे सामने, आणि प्रत्येकापुढे कारण व कारणाखाली सही. हरलेल्या सामन्यांचा खुलासा कोणी मागू नये. न खेळलेल्या सामन्यांचा मात्र मागावा.

माझ्या स्नेह्याला मी उत्तर लिहिले ते असे: "आपला संघ इतकी वर्षे येथेच होता. मैदानाबाहेर उभा होता. आत सोडायचे की नाही, हे ठरवण्याचे काम ज्यांच्याकडे होते त्यांच्या टेबलावर अर्ज पडून होता. त्यांपैकी एका टेबलामागे काही काळ मी बसत होतो."

पत्र टपालात टाकल्यावर मला त्या नस्तीवर आज कोणता शेरा लिहिला असता असा विचार आला. 'मंजूर' लिहिले असते तर उत्तमच. पण तेवढे अधिकार किंवा तेवढे पैसे नसतेच, तर निदान दिनांक घालून 'नामंजूर' असे लिहायला हवे होते. शिक्षिका म्हणाल्या त्याप्रमाणे, त्या मुली दुसरीकडे तरी गेल्या असत्या.